बाबांची सुगी आणि आजीचं पडणं

सिस्टर, नमस्कार.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, सासर बेळगावात. बाबा ५६ वर्षांचे, भातशेती करतात. तीन महिने झाले, डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. गोळ्या झाल्या, शेक झाला, एकाकडून तीन वेळा पाय ओढूनही घेतला. आता पंधरा दिवस झाले, चालताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहते आणि त्यांना कळतही नाही. एमआरआय केला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबलीय असं निघालं. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. काका म्हणतात, पाठीला सुरी लागली की माणूस जन्माचा अंथरुणाला खिळला. आमच्याच गावात एक जण आहेत. फणस काढताना पडले, मणक्याचं ऑपरेशन झालं, बारा वर्षं झाली, उठलेले नाहीत. शेजारच्या गावात तर एका पोराची कवटी काढून पोटात ठेवलीय म्हणतात, हे खरं असतं का? बाबा म्हणतात, सुगी उरकू दे, मग बघू. आई नुसती रडते. मी काय करू?

ता. क. घरी आजीचं वेगळंच चाललंय. वय ७८. दीड महिन्यापूर्वी गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळून पडली, टेंगूळ आलं, ते बसलं. आता दिवसभर झोपून असते, उजव्या हातातून भाकरी गळते, परवा आईलाच 'तू कुणाची गं' म्हणाली. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. म्हातारपणच, दुसरं काय म्हणायचं.

तुमची एक लेक

*

लेकी,

तुझं पत्र संपलं आणि मी चष्मा काढायच्या आधी फोन उचलला. खाली नंबर लिहिला होतास हे बरं केलंस. नाहीतर हे उत्तर छापून तुझ्या हातात पडेपर्यंत उशीर झाला असता. फोनवर काय बोलणं झालं ते तुला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगते, कारण असा ता. क. बऱ्याच घरांत लिहिला जातो आणि तसाच विसरलाही जातो.

वय झालं की मेंदू थोडा आकसतो. कवटी तेवढीच राहते. मेंदू आणि त्याच्यावरचं जाड आवरण यांच्यामध्ये बारीक शिरा असतात, त्या ताणल्या जातात. मग उंबऱ्याला अडखळून पडणंसुद्धा पुरतं. एखादी शीर तुटते आणि रक्त झिरपत राहतं, अगदी सावकाश. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते थांबायलाही वेळ लागतो. पडल्या दिवशी आजी चांगली बोलते, भाकरी थापते, म्हणून सगळे निर्धास्त होतात. तीन आठवडे जातात, कधी दोन महिने जातात, आणि मग झोप वाढते, बोलणं विस्कटतं, एका बाजूचा हात किंवा पाय ढिला पडतो. तोवर पडलेलं कुणाच्या लक्षातही नसतं. दारूची सवय असलेल्या माणसांतही हे पुष्कळदा होतं, आणि तिथे तर घरचे 'प्यायलाय' म्हणून मोकळे होतात.

म्हातारपणातला विसराळूपणा वर्षानुवर्षं हळूहळू येतो. तो सहा आठवड्यांत येत नाही, आणि एकाच हातात तर येतच नाही. तुझ्या पत्रातला 'उजव्या हातातून' हा शब्द वाचला तेव्हा मी फोनजवळ गेले होते.

तपासणी साधी आहे. डोक्याचा सीटी स्कॅन, पाच-दहा मिनिटांचं काम. आजींच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूला रक्त साचलेलं दिसलं. डावा मेंदू उजवा हात चालवतो, त्यामुळे हिशेब जुळला. यावर जे ऑपरेशन करतात त्याला आमच्याकडे 'बर होल' म्हणतात. कवटीला शर्टाच्या गुंडीएवढं एक किंवा दोन भोकं पाडायची. आतलं रक्त जुनं झालेलं असतं, पातळ आणि काळपट, गाडीच्या जुन्या ऑइलसारखं, ते आपणच बाहेर येतं. मग सलाइनने धुवायचं आणि एक बारीक नळी दिवस-दोन दिवस आत ठेवायची. कित्येकदा हे नुसत्या जागेवरच्या भुलीतही होतं. मेंदूला हात लावावाच लागत नाही. गोळी किती दिवस बंद ठेवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची हे मात्र हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून ठरवतात. घरच्या घरी बंद करायची नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाची गोळी मनाने थांबवली तर दुसरंच काहीतरी होऊन बसायचं. दहात एखाद्याला पुन्हा रक्त साचतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत दाखवायला न्यायचं. आता बरी आहे म्हणून टाळायचं नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आजींनी चहात साखर कमी म्हणून वॉर्डातल्या पोरीशी भांडण काढलं, असा तुझा निरोप आला. मेंदूच्या वॉर्डात याच्याहून चांगला रिपोर्ट मी पाहिलेला नाही.

आता बाबा.

एक आधी सांगून ठेवते. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी मेंदू-मणक्याच्या वॉर्डात आणि थिएटरात. ऑपरेशन करावं की नाही हे सांगायचा अधिकार माझा नाही. पण ऑपरेशनचा निर्णय घरात कसा होतो आणि कुठे अडतो, हे मी डॉक्टरांपेक्षा जास्त पाहिलंय. डॉक्टर राउंड घेऊन जातात, आम्ही रात्रभर असतो.

तू 'कळ' हा शब्द ठळक लिहिलास. माझी नजर चप्पलवर गेली. नुसती कळ असती तर मी तुझ्या बाबांच्या बाजूने बोलले असते. गादी सरकून पायात कळ जाणाऱ्या बहुतेक माणसांना दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं. एमआरआयवर काय लिहिलंय त्यालाही एवढं घाबरायचं नसतं. ज्यांची कंबर कधी दुखलीच नाही अशा वीस वर्षांच्या पोरांचा एमआरआय केला तरी शंभरातल्या तीस जणांत एखादी गादी फुगलेली दिसते, आणि ऐंशीच्या घरात तर शंभरात चौऱ्याऐंशी जणांत. ऑपरेशन फोटोचं करत नाहीत, माणसाचं करतात. मला तर वाटतं, एमआरआयचा कागद आधी हातात पडतो आणि माणूस नंतर तपासला जातो, तिथेच निम्मा घोळ होतो.

पण चप्पल निसटणं म्हणजे दुखणं नव्हे, तिथली ताकद गेलीय. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली की बहुधा पाचव्या मणक्याची नस दबते, आणि पायाचा अंगठा आणि पंजा वर उचलण्याचं काम त्याच नसेचं. बाबांना भिंतीला धरून टाचांवर चार पावलं चालायला सांग. डावा पंजा वर राहत नसेल, तर नस उपाशी पडलीय असं समज. दाबाखाली राहिलेली नस आज सुटली तर सावरते, चार महिन्यांनी सुटली तर सावरेलच याचा भरवसा कुणी देत नाही. आता आश्विन लागलाय. सुगी म्हणजे कापणी, मळणी, पोती घरात येईपर्यंत मार्गशीर्ष उजाडणार. तेवढे दिवस ती नस थांबायची नाही. शिवाय पंजा लोंबत असताना ओल्या बांधावरून भाऱ्याचं ओझं घेऊन जायचं म्हणजे बाबाही आजीसारखे पडायचे.

म्हणून काकांना विचार, सुगीला माणसं किती लागतात आणि त्यातली भाड्याने किती मिळतात. हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीतला आहे, त्यांना तो आवडेल. काकांशी मणक्यावर वाद घालू नकोस.

त्या फणसावरून पडलेल्या गृहस्थांबद्दल. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण अशी गोष्ट ऐकली की मी एकच विचारते, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांचे पाय हलत होते का? त्यांच्या घरी जाऊन विचारून ये. बहुतेक उत्तर येईल की नाही, झाडाखालून उचललं तेव्हाच हलत नव्हते. झाडावरून पडलेल्या माणसाचा मणका मोडतो आणि मोडलेलं हाड आतल्या मज्जारज्जूत घुसतं. मज्जारज्जू त्याच क्षणी जातो, सुरी लागण्याच्या कितीतरी आधी. नंतर स्क्रू आणि सळ्या घालून मणका बांधतात तो माणूस निदान बसता यावा, कुशीवर वळता यावा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. गावाला एवढंच दिसतं की ऑपरेशन झालं आणि उठला नाही.

आणि एक, हे तुमच्या भागात सगळ्यांनी ऐकायला हवं. झाडावरून, गच्चीवरून, ट्रॅक्टरवरून पडलेल्या माणसाला काखेत आणि गुडघ्यात धरून, मध्येच दुमडून जीपच्या मागच्या सीटवर कोंबतात. मोडलेला मणका त्यात आणखी सरकतो. मान न हलवता चार-पाच जणांनी एकाच वेळी उचलून फळीवर, दाराच्या पल्ल्यावर, जे सरळ मिळेल त्यावर सपाट झोपवायचं, मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली घोंगडी लावायची आणि १०८ ला फोन करायचा. अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

तुझ्या बाबांचं ऑपरेशन त्या जातीचं नाही. हे काकांना नीट सांगायचं तर मणक्याच्या आतली रचना सांग. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू पार माकडहाडापर्यंत येतो असं लोकांना वाटतं. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली सुट्या नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. डॉक्टरही त्याला 'घोड्याची शेपूट'च म्हणतात, लॅटिनमध्ये म्हणतात एवढंच. बाबांचं काम चौथ्या-पाचव्या मणक्यात आहे, म्हणजे मज्जारज्जू संपल्यावर बरंच खाली. तिथे नसेला इजा होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण कंबरेखालचं सगळं शरीर लुळं पडेल ही जी भीती आहे, ती ज्या दोरीबद्दल आहे ती दोरी त्या जागी नाहीच.

थिएटरात काय होतं ते सांगते. पूर्ण भूल देतात आणि पालथं झोपवतात. छातीखाली आणि कमरेखाली उश्या असतात, पोट मोकळं लोंबतं ठेवतात, कारण पोट दाबलं की मणक्यातल्या शिरा फुगतात आणि रक्त जास्त जातं. बाजू कुठली, हे वॉर्डातच पेनाने पायावर लिहिलेलं असतं. आत एक्स-रेच्या मशीनने मणका मोजून खूण करतात. मग दोन-तीन सेंटिमीटरचा छेद. स्नायू बाजूला सारतात, हाडाचा थोडासा भाग कोरतात, पिवळसर पडदा काढतात, आणि मायक्रोस्कोपखाली ती नस दिसते. नस हळूच बाजूला धरून तिच्याखालचा गादीचा तुकडा चिमट्याने ओढून काढतात. पांढरट, खेकड्याच्या नांगीतल्या मांसासारखा. पूर्ण गादी काढत नाहीत, बाहेर आलेला तुकडा आणि आतलं जे सुटं झालंय तेवढंच. तास-दीड तास. लोक याला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतात. दुर्बीण आत घालून करायची पद्धतही आहे, पण मायक्रोस्कोपखाली करणं वेगळं. दोन्हींचा निकाल जवळपास सारखाच. ज्या डॉक्टरांचा ज्यात हात बसलाय ते त्यांनी करावं, या मताची मी आहे.

बाबांना दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी उभं करतात. दोन-तीन दिवसांत घरी. दहातल्या आठ-नऊ जणांची पायातली कळ लगेच किंवा काही दिवसांत जाते. बधिरपणा मागे रेंगाळतो. पंजाची ताकद यायला महिने लागतात, आणि ती पूर्ण येईल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्या माणसापासून जरा लांब उभी राहा. कंबरदुखी राहू शकते, कारण हे ऑपरेशन पायासाठी आहे, कंबरेसाठी नाही. हे आधी सांगितलं नाही की सहा महिन्यांनी माणूस म्हणतो, 'ऑपरेशन फेल गेलं'. शंभरातल्या पाच-दहा जणांत तिथेच पुन्हा तुकडा बाहेर येतो. काही जणांत नसांवरचं आवरण फाटतं आणि आतलं पाणी गळतं. ते शिवतात, मग एक-दोन दिवस सपाट झोपावं लागतं. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर लांबतो. हे सगळं डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घे. न सांगणाऱ्यापेक्षा सांगणारा डॉक्टर बरा.

दुसरं मत घ्यायचं तर जरूर घे. बेळगावात घे, मिरजेला जा, कोल्हापूरला जा, खानापूरकरांची वहिवाट गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजलाही आहे. पण आठवड्याच्या आत. जाताना एमआरआयचा कागद नव्हे, फिल्म आणि सीडी घेऊन जा. दोघांनाही एकच विचार: आत्ता केलं नाही तर पायाचं काय होईल? आणि एखाद्याने स्क्रू-सळ्या घालाव्या लागतील असं सांगितलं, तर का, ते विचार. मणका पुढे सरकलेला असेल, हलता असेल, तर स्क्रू लागतात. नुसत्या सरकलेल्या गादीला पहिल्या खेपेला सहसा लागत नाहीत.

यात एक अपवाद आहे आणि तो फ्रीजवर लिहून चिकटव. बाबांची लघवी अडली, किंवा लघवी-संडास नकळत होऊ लागलं, किंवा बसतो त्या जागी, जांघेत, गुप्तांगापाशी बधिर वाटू लागलं, किंवा दोन्ही पाय ढिले पडले, तर दुसरं मत नाही, सुगी नाही, सकाळ नाही. त्याच रात्री निघायचं. त्या घोड्याच्या शेपटीवरच दाब आलेला असतो आणि तिथे तास मोजतात. पुरुष माणसं हे सांगायला लाजतात. एका पेशंटने दोन दिवस लघवी न झाल्याचं बायकोला सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाला, 'पाणी कमी प्यालो असेन की.' आईला सांग, तू लाजू नकोस, थेट विचार.

तू विचारलंस म्हणून कवटीचं. होय, खरं आहे. अपघातात मेंदूला जबर मार लागला की तो सुजतो, आणि कवटी काही सैल होत नाही. मग कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. तो तुकडा फेकत नाहीत. काही ठिकाणी फ्रीजरमध्ये ठेवतात, आणि आपल्याकडे पुष्कळदा पोटाच्या कातडीखाली चरबीत कप्पा करून तिथे ठेवतात, आपलंच हाड आपल्याच अंगात. सूज उतरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा जागेवर बसवतात. तोवर डोक्याच्या त्या बाजूला खड्डा दिसतो आणि तिथे हाड नसतं, म्हणून त्या पोराला त्या कुशीवर झोपवायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. बघायला येणाऱ्यांनी हात लावून बघायचं नाही, हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर लोक लावतात. त्या घरी गेलीस तर एवढं सांग. गाडी चालवताना डोक्यावर हेल्मेट होतं का, हे मात्र विचारू नकोस, त्याच्या आईने स्वतःला हजारदा विचारलेलं असतं.

गाठीसाठी जे डोक्याचं ऑपरेशन करतात त्यात हा तुकडा त्याच वेळी परत बसवून छोट्या पट्ट्यांनी आवळतात. हल्ली सगळं डोकं भादरत नाहीत, छेदापुरती पट्टी काढतात. बायकांना याचा फार धीर येतो, ऑपरेशनपेक्षा जास्त. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठी तर बहुतेक वेळा नाकातून काढतात, बाहेरून वण दिसतही नाही. मेंदूला स्वतःला वेदना नसते हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही, पण बोलण्याच्या जागेजवळ गाठ असेल तर पेशंटला मध्येच जागं करून गप्पा मारत काम करतात. आमच्या थिएटरात एक आजोबा विठ्ठलाचा अभंग म्हणत होते, ते अडले की सर्जनचा हात थांबायचा.

आणखी एक, आजीच्या वयाच्या माणसांसाठी. चाल पाय चिकटल्यासारखी घसटती झाली, लघवी आवरत नाही आणि विसरणं वाढलं, तिन्ही एकत्र आली, तर मेंदूतल्या पाण्याचा निचरा नीट होत नसेल. त्याला डोक्यातून कानामागून कातडीखालून पोटात एक नळी सोडतात, 'शंट' म्हणतात. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, पण ज्यांना होतो त्यांची चाल बदललेली मी पाहिलीय. आणि कंबरदुखीबरोबर रोज संध्याकाळी बारीक ताप आणि वजन उतरणं असेल, तर गादीचा विचार सोडून मणक्याचा टीबी तपासायला सांगावा. आपल्या देशात तो कमी नाही, आणि बहुतेक वेळा महिनोन्महिने गोळ्या घेऊन बरा होतो, ऑपरेशन लागत नाही.

पैशांचं बघ. बाबांचं रेशनकार्ड कुठलं आहे ते आधी पाहा. कर्नाटकातल्या आयुष्मान योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मोफत आहे. एपीएल असेल तर सरकार पॅकेजच्या ३० टक्के भरतं, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. अचानक उद्भवलेलं नसेल तर आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. ती न घेता थेट खासगीत दाखल झालं की मग काउंटरवर रडारड होते. बाबा सहकारी सोसायटीचे सभासद असतील तर यशस्विनीचं, म्हणजे अशा सभासदांसाठीच्या आरोग्य योजनेचं, कार्ड केलंय का ते पाहा, कार्ड ट्रंकेत असतं आणि लोक कर्ज काढतात. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. ती वापरायची तर ज्या हॉस्पिटलात जाणार तिथे योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आधी फोन करून काय कागद लागतात ते विचार, पेशंटला घेऊन जाऊन मग विचारू नकोस.

आपल्या भागातली एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही. संमतीचा कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतो, घाईत येतो, आणि बाबा 'द्या की' म्हणून अंगठा किंवा सही करतात. बेळगावच्या वॉर्डात मराठी बोलणारं कुणी नाही असं होत नाही. नर्सला म्हणायचं, 'सिस्टर, हे मराठीत वाचून दाखवा, मग सही.' आम्ही कधीही नाही म्हणत नाही. उलट बरं वाटतं. कुठल्या मणक्याचं, कुठल्या बाजूचं, हे त्या कागदावर लिहिलेलं असलंच पाहिजे. कोरा असेल तर सही नाही.

तंबाखू. तू लिहिलं नाहीस, पण ५६ वर्षांचा खानापूरचा शेतकरी म्हणजे खिशात पुडी असणार. आजच बंद. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, आणि पुढे कधी स्क्रू घालायची वेळ आलीच तर हाड जुळत नाही. निपाणीत पिकतो म्हणून तो आपला पाहुणा नव्हे. साखर असेल तर ती आटोक्यात हवी. आणि ऑपरेशनच्या सकाळी काहीही खायचं नाही. सहाच्या एसटीने आलेल्या आत्याने प्रेमाने चहात बुडवून एक टोस्ट दिला, आणि सात वाजता टेबलावर जाणारा पेशंट त्या दिवशी गेलाच नाही, हे मी एकदा नव्हे, पाच-सहा वेळा पाहिलंय. त्या सकाळी पलंगाजवळ तू बस, आत्याला बाहेर बसव.

घरी आल्यावर पहिले सहा आठवडे कमरेत वाकणं नाही, कळशी उचलणं नाही, मोटारसायकलवरून रस्त्याचे खड्डे खाणं नाही. चालणं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या जोराने उठायचं. जमिनीवर अंथरूण घालायची सवय काही दिवस सोडावी लागेल. संडास खाली बसायचा असेल तर प्लास्टिकची भोकाची खुर्ची मिळते, ती आधीच आणून ठेव. टाके साधारण दहा-बारा दिवसांनी काढतात. जखमेतून पाणी गळलं, ताप आला, कळ पुन्हा उठली, तर फोन करायचा. लेप लावायचा नाही. शेतातलं खरं काम तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. म्हणजे या वर्षीची सुगी गेलीच. पुढच्या जूनच्या पेरणीला ते बांधावर उभे राहतील अशी आशा धरायला मात्र जागा आहे.

पाय ओढणाऱ्याकडे आता एकदाही नाही. पंजा लोंबत असताना ओढाताण केली की आतला तुकडा आणखी बाहेर यायची भीती असते. मालीशवाल्याबद्दल माझा राग नाही. माझ्या आईची कंबर त्याच हातांनी बरी केली होती. पण तिची चप्पल निसटत नव्हती.

आजच्या आज एक कर. बाबांच्या स्लिपर काढून ठेव आणि बाजारातून मागे पट्टा असलेली सँडल आण, एक नंबर मोठी. डाव्या पायाला पंजा वर धरून ठेवणारा प्लास्टिकचा पट्टा मिळतो, तो फिजिओथेरपीवाल्यांकडून मापाचा घे. आणि आजींना घरी आणशील तेव्हा गोठ्याच्या उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा मार.

तुझी,
सिस्टर